मुक्काम पोस्ट फुटपाथ

गृहकर्जाच्या फॉर्मवर दोन चौकटी असतात. 'सध्याचा पत्ता' आणि 'कायमचा पत्ता'. माझा सध्याचा पत्ता गेल्या सहा वर्षांत चार वेळा बदललाय. कंपनी बदलली की रूम बदलायची, रूम पार्टनरचं लग्न ठरलं की रूम बदलायची, अकरा महिने झाले आणि घरमालकाला अचानक 'आपल्या माणसांना द्यायचीय' असं आठवलं की पुन्हा रूम बदलायची! कायमचा पत्ता मात्र एकच. मु. पो. झरी, ता. जि. परभणी. दहावीनंतर मी तिथे सलग दोन महिनेसुद्धा राहिलेलो नाही. तरी आधार, पॅन, पासपोर्ट, कर्ज, सगळं त्या एका ओळीवर उभं आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर ती प्रायमरी की. ती नसेल तर पुढचं एकही टेबल जोडलं जात नाही.

मग ज्यांच्याकडे ही ओळच नाही त्यांचं काय? तुम्ही म्हणाल, रविवारी सकाळी चहा घेताना असले प्रश्न कशाला? पण आमच्याच घरात असा एक माणूस होऊन गेला. माझ्या आजोबांचे चुलत भाऊ. १९७२च्या दुष्काळात मराठवाड्यात विहिरी आटल्या, माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली, मिलो आणि सुकडीवर जगली. ती गोष्ट आमच्याकडच्या प्रत्येक घरात अजून सांगतात. हे चुलत आजोबा बायको-पोरांना घेऊन मुंबईला 'जगायला' गेले. आमच्याकडे नोकरीला जातात त्याला 'नोकरीला गेला' म्हणतात आणि असं गेलं की 'जगायला गेला' म्हणतात. शब्दांत किती फरक असतो बघा. त्यांची दोन पोस्टकार्डं आली. पाठवणाऱ्याच्या पत्त्याच्या जागी एका चहाच्या दुकानाचं नाव आणि खाली 'भायखळा'. आजोबांनी पाठवलेलं तिसऱ्या वेळचं उत्तर परत आलं. त्यानंतर काहीच नाही. आजोबा शेवटपर्यंत सांगायचे, "आमचा भाऊ भायखळ्याला हाय." भायखळ्यात कुठे, ते कुणालाच माहीत नव्हतं.

तर एका शनिवारी (रिलीज पुढे ढकललं होतं, दुसरं काही काम नव्हतं) मी भायखळ्याबद्दल वाचायला बसलो. चुलत आजोबा सापडले नाहीत, ते सापडणार नव्हतेच. पण जे सापडलं ते मला गेले कित्येक आठवडे सोडत नाहीये.

१३ जुलै १९८१. मुख्यमंत्री होते अ. र. अंतुले. त्यांनी जाहीर केलं की मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्या सगळ्यांना हटवून आपापल्या गावी पाठवून देणार. ऐन पावसाळ्यात! झोपड्या मोडल्या, लोकांना बसमध्ये बसवून रवाना केलं. पत्रकार ऑल्गा टेलिस आणि काही फुटपाथवासी न्यायालयात गेले. त्या निकालपत्रात एका अर्जदाराची हकिगत आहे. संगमनेरकडचा माणूस, चांभारकाम करायचा, दिवसाला सात-आठ रुपये मिळवायचा. गावातलं घर पडलं म्हणून १९६९ साली मुंबईला आला आणि ३५० रुपये महिन्यावर बदली कामगार झाला. तुळशीवाडीच्या फुटपाथवरच्या जागेसाठी त्याने तिथल्या गुंडाला ३०० रुपये दिले, वर बांबू आणि प्लॅस्टिकला ७०० रुपये लागले. म्हणजे फुटपाथही फुकट नव्हता. एक हजार रुपये, जवळजवळ तीन महिन्यांचा पगार! आपण डाऊन पेमेंट म्हणतो ते याहून वेगळं काय असतं?

आता इथे एक गंमत आहे. मुंबईत अशी किती माणसं आहेत हे सरकारला माहीतच नव्हतं. १९७६ साली सरकारने झोपडपट्ट्यांची गणना केली होती, लोकांना फोटोपास दिले होते. फुटपाथवरचे बहुतेक लोक त्यात आलेच नाहीत. झोपडपट्टीवाल्याची निदान सरकारी यादी होती. फुटपाथवाला त्या यादीच्याही बाहेर.

१९८४ साली भायखळ्यात 'स्पार्क' नावाची छोटी संस्था सुरू झाली. शीला पटेल, प्रेमा गोपालन आणि त्यांचे काही सहकारी. महापालिकेच्या दवाखान्यामागच्या जुन्या गॅरेजात त्यांचं ऑफिस होतं. दार उघडं ठेवायचं आणि फुटपाथवरच्या बायकांना येऊन बसू द्यायचं, एवढीच सुरुवात. बायका येऊन काय सांगायच्या? रेशनकार्ड मिळत नाही, कारण पत्ता नाही. पोरांना शाळेत घ्यायला खळखळ करतात, कारण पत्ता नाही. आणि महापालिकेची गाडी कधी येईल याचा नेम नाही. ती आली की भांडी, पत्रे, बांबू, पोरांची दप्तरं, सगळं उचलून नेणार.

मग त्यांनी एक काम केलं जे मला इंजिनियर म्हणून फारच आवडलं. त्यांनी मोजायला घेतलं. फुटपाथवरच्या लोकांना बरोबर घेऊन प्रत्येक झोपडीपाशी जाऊन विचारलं. कुठून आलात, कधी आलात, काय काम करता, कामाला कसे जाता. सुमारे ६ हजार कुटुंबं, जवळपास २७ हजार माणसं. १९८५ साली तो अहवाल छापला. नाव 'वी, द इन्व्हिजिबल', म्हणजे 'आम्ही, न दिसणारी माणसं'.

त्या आकड्यांनी बरेच समज मोडले. ही माणसं भिकारी नव्हती, कामकरी होती. हातगाडी ओढणारे, हमाल, भाजीवाले, धुणीभांडी करणाऱ्या बायका. बहुतेक जण कामाला चालत जात. फुटपाथवर राहण्याचं कारणच ते होतं. लांब स्वस्तात खोली मिळाली असती तरी लोकलचा पास आणि दोन तासांचा प्रवास हजेरीत बसत नव्हता. आणि पुष्कळ जण कालपरवा आलेले नव्हते, दहा-दहा वर्षं त्याच दगडी कडेला राहत होते. शहराला त्यांची गरज होती, फक्त त्यांनी रात्री कुठेतरी नाहीसं व्हावं अशी अपेक्षा होती. (आपल्या सोसायटीतल्या कामवाल्या मावशी रात्री कुठे राहतात, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असतं?)

१० जुलै १९८५ला निकाल आला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या पीठाने सांगितलं की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. कायद्याच्या पुस्तकात हे वाक्य आज सोन्याच्या अक्षरांनी लिहिलेलं आहे. पण त्याच निकालात हेही होतं की फुटपाथ चालण्यासाठी आहे, तिथे घर करण्याचा हक्क कुणाला नाही. पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत पाडापाडी नको, इतकंच. म्हणजे तत्त्वात जिंकलो आणि १ नोव्हेंबरला पुन्हा बांबू सोडायचे!

मोठमोठे वकील, कार्यकर्ते मोर्चाचं बोलत होते. बायकांचं म्हणणं वेगळं होतं. पोलिसांशी आज भांडून उद्या पुन्हा तिथेच झोपायचं, तर मग मिळवलं काय? आम्हाला फुटपाथ नकोय, घर हवंय. शेवटी त्या वेळी सरसकट पाडापाडी झाली नाही. पण बायका थांबल्या नाहीत. १९८६ साली त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली, 'महिला मिलन'.

बायकांच्या या संघटनेने केलं काय? पहिलं म्हणजे बचत. दोन रुपये, पाच रुपये, जे असेल ते. एक बाई रोज झोपडी-झोपडी फिरून पैसे गोळा करायची. पुष्कळजणींना लिहिता-वाचता येत नव्हतं, मग पासबुकाचं काय? त्यांनी रंगीत कागदाचे तुकडे वापरले. एक रंग एका रकमेचा, दुसरा दुसऱ्या रकमेचा. प्रत्येकीची एक प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात तिचे तुकडे. कुणीही मोजून बघावं. मी आठ वर्षं यूजर इंटरफेस या विषयावर पोट भरतोय, पण इतका सोपा इंटरफेस मी अजून बनवलेला नाही :)

त्या पैशातून अडीनडीला कर्ज मिळायचं. पोर आजारी पडलं, नवऱ्याचं काम सुटलं, की सावकाराकडे जायला नको. आणि रोज दारात येणाऱ्या बाईला कळायचं की कुणाच्या घरी आज चूल पेटली नाही. हा जो रोजचा फेरा होता ना, त्यातून संघटना बांधली गेली. भाषणांतून नाही.

दुसरं काम, घराचं डिझाइन. फुटपाथवर जन्म गेलेल्या बायकांना विचारलं, घर कसं हवं? त्यांनी साड्या पसरून जागा मापल्या. एक साडी किती लांब असते हे सगळ्यांना माहीत, मग टेप कशाला? कापड आणि लाकूड वापरून खऱ्या मापाची घरं उभी केली, आत जाऊन बसून पाहिलं. चूल इथे, भांडी इथे, पोरं झोपणार कुठे? छत चौदा फूट उंच हवं असं त्यांनी ठरवलं, म्हणजे मध्ये माळा टाकता येतो आणि त्याच जागेत दोन मजले होतात. त्या घरांचं प्रदर्शन भरवलं, अधिकाऱ्यांना बोलावलं. ज्या अधिकाऱ्याच्या दारात पूर्वी उभं राहू देत नव्हते, तो यांच्या कापडी घरात वाकून बघत होता. आम्ही याला प्रोटोटाइप म्हणतो आणि क्लायंटला त्याचं वेगळं बिल लावतो.

तिसरा दुवा होता जोकिन अरपुथम. मूळचे कोलारच्या सोन्याच्या खाणींकडचे, मुंबईत जनता कॉलनी नावाच्या वस्तीत वाढलेले कार्यकर्ते. ती वस्ती वाचवायला वर्षानुवर्षं लढले. शेवटी आणीबाणीत, मे १९७६मध्ये, ती उठवली आणि सुमारे ७० हजार माणसांना चीता कॅम्पला हलवलं. लढून हरल्याचा अनुभव त्यांच्यापाशी होता, म्हणून नुसत्या लढाईवर त्यांचा भरवसा नव्हता. त्यांची नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन, बायकांची महिला मिलन आणि स्पार्क अशा तिघांनी मिळून पुढची चाळीस वर्षं काम केलं. जोकिन यांना २००० साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, २०१८ साली ते गेले.

आता घर मिळालं का, ते सांगतो. १९९५ साली झोपडपट्टी पुनर्वसन योजना आली, तेव्हा फुटपाथवर राहणाऱ्यांनाही तिच्यात धरलं. १९८५ साली ज्यांची मोजणीसुद्धा नव्हती, ते दहा वर्षांनी 'पात्र' झाले. भायखळ्याच्या बायकांचं मिलननगर मानखुर्दला उभं राहिलं आणि त्या तिथे राहायला गेल्या तेव्हा नवं शतक सुरू झालं होतं. ज्या पोरांसाठी बचत सुरू केली, ती पोरं तोवर स्वतः बाप झाली होती. आपण पझेशन दोन वर्षं लांबलं की व्हॉट्सअॅप ग्रुपवर केवढा गदारोळ करतो!

या मार्गावर टीकाही झाली, आणि ती सांगितलीच पाहिजे. भायखळ्याहून मानखुर्दला गेलं की चालत कामाला जाता येत नाही. पुनर्वसनाच्या कित्येक इमारती इतक्या खेटून बांधल्या की खालच्या मजल्यावर ऊन पोचत नाही. आणि सरकारबरोबर बसून काम करणारी संघटना सरकारला 'नाही' कधी म्हणणार, असंही विचारलं गेलं. प्रश्न रास्त आहेत. पण रेल्वे रुळांलगतच्या वस्त्या हलवायची वेळ आली तेव्हा लोकांनी केलेली यादीच कामाला आली. सुमारे ६० हजार माणसं तिथून गेली. त्यातल्या बहुतेकांनी आपली झोपडी आपल्या हाताने उतरवली, कारण पुढचं ठिकाण आधी ठरलेलं होतं. आपल्या पुण्यातही १९९९पासून, रत्नाकर गायकवाड आयुक्त असताना, वस्त्यांमध्ये ४००हून जास्त सामुदायिक शौचालयं बांधली गेली, त्या कामात हेच लोक होते.

इथवर वाचून मी लॅपटॉप बंद करणार होतो. पण प्रेमा गोपालन यांचं नाव पुढे मराठवाड्यात दिसलं.

३० सप्टेंबर १९९३. किल्लारीचा भूकंप. गणपती विसर्जन करून माणसं झोपलेली, पहाटे चारच्या सुमाराला लातूर-उस्मानाबादकडची गावंच्या गावं बसली. मी तेव्हा जन्मलेलोही नव्हतो, पण आमच्या झरीच्या वाड्याला माळवद आहे, त्यामुळे ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलोय. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर फूट-दीड फूट मातीचं माळवद. उन्हाळ्यात थंडगार. पण जमीन हलली की तेच ओझं अंगावर. वडील सांगतात, त्यानंतर कित्येक महिने आमच्याकडेही माणसं अंगणात झोपायची.

५२ गावं नव्या जागी वसवली. बाकी हजाराहून जास्त गावांत घरं दुरुस्त आणि मजबूत करायची होती. पैसे घरमालकाच्या हातात, काम त्याने स्वतः करून घ्यायचं. पण त्याला सांगणार कोण की माळवदावरची माती कमी कर, भिंतीत आरपार जाणारा दगड बसव, लाकडी खांबांना तिरके टेकू दे? प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने (ती स्पार्कमधूनच निघालेली) गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून उभं केलं. त्यांनी घरोघरी जाऊन मोजलं, कुणाचं घर झालं, कुणाचा हप्ता अडकला, कुणी सिमेंटमध्ये खाल्लं. याच बायका २००१च्या भूकंपानंतर कच्छमध्ये गेल्या, तिथल्या बायकांना शिकवायला. प्रेमा गोपालन २०२२ साली गेल्या.

म्हणजे बघा. बहात्तरच्या दुष्काळात मराठवाड्यातून माणसं भायखळ्याच्या फुटपाथवर गेली. त्या फुटपाथवरच्या बायकांनी आपली मोजणी आपण करायची पद्धत घडवली. आणि वीस वर्षांनी मराठवाड्याचीच घरं पडली तेव्हा ती पद्धत परत आली. आमचे चुलत आजोबा परत आले नाहीत, पण त्यांच्या शेजारी राहिलेल्या कुणाकुणाचं शहाणपण आमच्या भागात पोचलं. मला हे फार मोठं वाटतं.

२०११च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७० हजार माणसं बेघर मोजली गेली, त्यातली २ लाख १० हजारांवर महाराष्ट्रातली. २०२१ची जनगणना झालीच नाही, पुढची २०२७ची. मधल्या पिढीतले किती, याचा पत्ता नाही. पत्र्याच्या शेडमध्ये राहणारे तर त्या आकड्यात येतही नाहीत.

ही शेड मी का म्हणतोय? ज्या फ्लॅटचं कर्ज मी घेतलंय त्याच्या साइटवर मी मधूनमधून रविवारी जातो. स्लॅब मोजायचे, फोटो काढून घरी पाठवायचे. तिथे आईशी फोनवर बोलत होतो, तर टँकरवर पाणी भरणारी एक बाई थांबली.

"तुम्ही कुठले हो दादा? बोली आपल्याकडली वाटायली."

"झरीचा. परभणीजवळ."

"अगं बाई! आम्ही बोरीकडले. झरीवरूनच तर जाती की आमची यष्टी."

नवरा-बायको दोघं बिगारी काम करतात, मुलगी सातवीतून शाळा सोडून धाकट्याला सांभाळते. मी विचारलं, बांधकाम कामगार म्हणून नोंदणी केलीय का? वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, मग मंडळाकडून मुलांच्या शिक्षणाला, आजारपणाला मदत मिळते. माझ्या फ्लॅटच्या बांधकाम खर्चावरही त्यासाठी एक टक्का उपकर आहे. बाई हसली.

"दाखला कुणाच्या नावाचा घ्यावं? ठेकेदाराच्या वहीत ह्यांचं नाव हाय, अन् म्होरं जोडी लिवलंय. उसाला गेलं की आम्ही दोघं मिळून एक कोयता. हितं आलं की दोघं मिळून एक जोडी. माझं एकटीचं नाव कुठंच नाही बगा."

मी तिला भायखळ्याच्या बायकांची गोष्ट सांगितली. साड्यांनी घर मापल्याची, रंगीत कागदांची. भाषण दिलं नाही, गावाकडच्या माणसाशी बोलतात तसंच बोललो. ती ऐकून घेऊन हंडा उचलून गेली.

पुढच्या रविवारी गेलो तर तिच्या मुलीने शाळेच्या जुन्या वहीत यादी करून ठेवली होती. कॅम्पमधल्या बायकांची. नाव, गाव, किती महिन्यांपासून कामावर, पोरं किती. सव्वीस नावं. परभणी, नांदेड, हिंगोली, चार जणी थेट यादगीरच्या. मी ती एक्सेलमध्ये टाकून द्यायला निघालो, तर बाई म्हणाली, "वही आमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. फोटू घ्या तुम्ही."

ठेकेदाराकडे दोनदा जाऊन आलोय. पहिल्यांदा तो म्हणाला, बायकांचं वेगळं कशाला? दुसऱ्यांदा म्हणाला, पुढच्या आठवड्यात बघू. ऑफिसातले दोघं मित्र बरोबर यायला तयार झालेत, त्यातल्या एकाची बायको वकील आहे. पण या वेळी पुढे बोलणार आम्ही नाही. वही घेऊन त्या सव्वीसजणीच येणार आहेत.